गॅरी गायगॅक्स

अर्नेस्ट गॅरी गायगॅक्स (जन्म : २७ जुलै, १९३८, शिकागो, मृत्यू : ४ मार्च, २००८, लेक जिनिव्हा, विस्कॉन्सिन) हे अमेरिकन खेळरचनाकार, लेखक व प्रकाशक होते. डेव्ह आर्नेसन यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती बसून, पात्रे वठवून खेळायच्या 'रोलप्लेइंग' खेळांचा हा पहिला प्रकाशित नमुना मानला जातो. 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेतील मुले तळघरात बसून जो खेळ खेळतात, तो हाच.

खेळणाऱ्यांनी आपापल्या घरी नियम बदलावेत की बदलू नयेत, या प्रश्नावर गायगॅक्स यांनी आयुष्यात दोनदा आपली भूमिका बदलली. त्यांच्या चरित्रातील बहुतेक महत्त्वाच्या घटना याच प्रश्नाभोवती घडल्या आहेत.

खेळाचे स्वरूप

चार-सहा जण एकत्र बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार होतो. त्याला या खेळात 'डंजन मास्टर' म्हणतात. भुयारे, जंगले, राक्षस, खजिने यांचे वर्णन तो करतो. उरलेले प्रत्येकी एक पात्र घेतात आणि आपले पात्र आता काय करणार ते सांगतात. कृती यशस्वी झाली की नाही, हे बहुधा फाशांवर ठरते. जिंकणे-हरणे असा शेवट नसतो. कथा अनेक बैठकी, कधी अनेक वर्षे चालते.

प्रत्येक पात्राला एक पेशा असतो. मूळ इंग्रजीत त्याला 'क्लास' म्हणतात. पात्राला काय करता येईल आणि काय येणार नाही, हे पेशा ठरवतो. लढवय्या चिलखत घालतो, कोणतेही शस्त्र चालवतो. मूळ नियमांत जादूगाराला चिलखत वर्ज्य होते आणि पहिल्या पायरीवर दिवसाकाठी एकच मंत्र म्हणता येई. तो म्हटला की स्मरणातून पुसला जाई. ही कल्पना गायगॅक्स यांनी जॅक व्हान्स या लेखकाच्या कथांतून घेतली होती. अनुभव मिळेल तशी पात्रे पुढच्या पायऱ्या चढतात आणि नव्या क्षमता मिळवतात.

पुस्तकात सगळे प्रसंग सांगून ठेवता येत नाहीत. एखादा खेळाडू वटवाघळाच्या पाठीवर बसायचे म्हणतो, दुसरा झुंबराला लोंबकळतो. सूत्रधार जागीच निर्णय देतो, पुढच्या खेपेस तोच निर्णय आधार म्हणून घेतला जातो आणि त्या घरापुरता नियम तयार होतो. मराठी वाचकाला हे नवे नाही. मेंढीकोटाचा डाव मांडला की हुकूम बंद ठेवायचा की कट करायचा, यावर पाहुणे आणि यजमान यांत पहिली दहा मिनिटे वाद होतोच. फरक इतकाच की मेंढीकोटाच्या नियमांवर कोणाची मालकी नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सवर होती.

बालपण

गायगॅक्स यांचे वडील अर्न्स्ट हे स्वित्झर्लंडहून आलेले. ते शिकागो सिम्फनी वाद्यवृंदात व्हायोलिनवादक होते आणि पुढे कपड्यांच्या विक्रीचा व्यवसाय करीत. अभिनेता गॅरी कूपर याच्या नावावरून मुलाला गॅरी हे मधले नाव मिळाले आणि तेच रूढ झाले. वडील रात्री झोपताना जादूगारांच्या व वीरांच्या गोष्टी रचून सांगत. शिकागोच्या गल्लीत मुलांच्या टोळ्यांत मारामारी झाल्यावर कुटुंबाने १९४६ च्या सुमारास आईच्या माहेरगावी, लेक जिनिव्हा येथे बिऱ्हाड हलवले. विस्कॉन्सिन राज्यातील हे तळ्याकाठचे लहान गाव पुढे खेळांच्या इतिहासात नोंदले गेले.

बुद्धिबळ त्यांना लहानपणीच येत होते. रॉबर्ट हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर आदींच्या स्वस्त मासिकांतील साहसकथा त्यांनी झपाटून वाचल्या. शाळेत मात्र लक्ष लागले नाही. १९५६ मध्ये वडील वारले आणि गॅरी यांनी माध्यमिक शिक्षण अर्धवट सोडले. सैन्याच्या मरीन दलात ते अल्पकाळ होते. फुप्फुसांच्या आजारामुळे परत आले. १९५८ मध्ये मेरी जो पॉवेल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या विवाहापासून त्यांना पाच अपत्ये झाली. पुढे ते शिकागोतील एका विमा कंपनीत जोखीम ठरवणारे अधिकारी होते. संभाव्यता आणि कोष्टके यांची गोडी त्यांच्या पुस्तकांत ठायी ठायी दिसते, तिचे मूळ काही अंशी या नोकरीत असावे.

युद्धखेळांचा छंद

१९५८ च्या अखेरीस त्यांना 'गेटिसबर्ग' हा पटावरील युद्धखेळ मिळाला आणि छंदाचे व्यसन झाले. १९६७ मध्ये त्यांनी सुमारे वीस छंदिष्टांना आपल्या घरी बोलावले. पुढच्याच वर्षी गावातील हॉर्टिकल्चरल हॉल पन्नास डॉलर भाड्याने घेऊन 'जेन कॉन' हा मेळावा भरवला. हा मेळावा आजही दरवर्षी भरतो, मात्र आता इंडियानापोलिस शहरात. १९६९ च्या मेळाव्यात मिनेसोटाचे डेव्ह आर्नेसन त्यांना प्रथम भेटले.

१९७० मध्ये विमा कंपनीतील नोकरी गेली. घरात पाच मुले, उत्पन्न अनिश्चित. गायगॅक्स तळघरात जोडे दुरुस्त करू लागले आणि उरलेल्या वेळात नियम लिहू लागले. गावातील मित्र जेफ पेरेन यांनी मध्ययुगीन लढायांसाठी चारेक पानांचे नियम रचले होते. गायगॅक्स यांनी ते वाढवले आणि १९७१ मध्ये 'चेनमेल' या नावाने ते प्रसिद्ध झाले. पुस्तकाच्या अखेरीस त्यांनी एक पुरवणी जोडली. तीत एक वीर चार सैनिकांच्या बरोबरीचा, महावीर आठांच्या, आणि जादूगाराजवळ अग्निगोल व वीज. पेरेन यांच्या घरगुती नियमांना गायगॅक्स यांनी लावलेले हे घरगुती ठिगळच होते. चेनमेलची पुरवणी वाचूनच पुढचे सर्व घडले.

आर्नेसन आणि ब्लॅकमूर

मिनेसोटात डेव्हिड वेझली यांनी 'ब्राउनस्टाइन' नावाचा प्रयोग केला होता. त्यात प्रत्येक खेळाडूकडे सैन्याऐवजी एकेक व्यक्ती होती: कोणी महापौर, कोणी विद्यार्थी, कोणी अधिकारी. आर्नेसन यांनी हीच पद्धत उचलून १९७१ मध्ये 'ब्लॅकमूर' हे काल्पनिक राज्य उभे केले, किल्ल्याखाली भुयारे खणली आणि सुरुवातीला लढाईसाठी चेनमेलचे नियम वापरले. ते अपुरे पडू लागताच त्यांनी बदल केले. एका घावात पात्र मरू नये म्हणून जीवबळाचे गुण आले, अनुभवाने पायरी चढण्याची सोय आली.

एका नव्या पेशाचा जन्म याच टेबलावर झाला आणि तो प्रसंग सांगण्यासारखा आहे. ब्लॅकमूरमधील एका खेळाडूने रक्तपिपासू व्हँपायरचे पात्र घेतले होते. ते इतके प्रबळ झाले की इतरांचा खेळ रंगेना. पात्र काढून टाकणे हा एक मार्ग होता. आर्नेसन यांनी त्याऐवजी भयपटांतील व्हँपायर-शिकाऱ्याच्या धर्तीवर दुसऱ्या खेळाडूला एक धर्मगुरू दिला आणि प्रेतात्म्यांना परतवण्याचे सामर्थ्य त्याच्या हाती दिले. जखमा बरे करणारा आणि भुतांना पळवून लावणारा 'क्लेरिक' हा पेशा असा अस्तित्वात आला. आज जगभर हजारो टेबलांवर जे पात्र वैद्याचे काम करते, त्याचा उगम एका मित्रमंडळातील तोल सावरण्याच्या गरजेत आहे.

१९७२ च्या हिवाळ्यात आर्नेसन लेक जिनिव्हाला आले आणि त्यांनी गायगॅक्स व मित्रांना ब्लॅकमूर खेळवून दाखवले. गायगॅक्स प्रभावित झाले. त्यांनी आर्नेसन यांच्याकडून टिपणे मागवली आणि काही आठवड्यांत सुमारे पन्नास पानांचा मसुदा टंकलिखित केला. पहिली परीक्षा स्वतःच्या मुलांवर झाली. थोरला मुलगा अर्नी आणि मुलगी एलिस यांनी 'ग्रेहॉक' किल्ल्याखालच्या भुयारात पाऊल टाकले, पहिले राक्षस मारले आणि त्यांना तांब्याच्या नाण्यांनी भरलेली पेटी सापडली. ती इतकी जड की उचलेना. दुसऱ्याच दिवसापासून मित्र येऊ लागले आणि लवकरच आठवड्यात अनेक रात्री ग्रेहॉक रंगू लागले.

श्रेयाचा वाद पुढे कोर्टापर्यंत गेला, म्हणून येथेच नोंद करणे बरे. एका पात्राची भूमिका घेऊन भुयारात उतरण्याची कल्पना आणि सूत्रधाराची पद्धत आर्नेसन यांच्या टेबलावरून आली. तिला पुस्तकाचे रूप, भाषा, कोष्टके, मंत्रांच्या याद्या आणि ग्राहक गायगॅक्स यांनी दिले. दोघांपैकी एकाला वगळून हा खेळ संभवत नाही.

१९७४ : तपकिरी खोके

प्रस्थापित प्रकाशकाने नकार दिला. तेव्हा ऑक्टोबर १९७३ मध्ये गायगॅक्स आणि त्यांचे बालमित्र डॉन के यांनी 'टॅक्टिकल स्टडीज रूल्स' ही भागीदारी स्थापन केली. लवकरच ब्रायन ब्लूम भांडवल घेऊन तिसरे भागीदार झाले. जानेवारी १९७४ मध्ये तीन पुस्तिकांचे खोके बाजारात आले. प्रती १,०००, किंमत दहा डॉलर. खोकी घरीच हाताने भरली जात. बहुपृष्ठी फासे शालेय साहित्य विकणाऱ्या कंपनीकडून मागवावे लागत. वर्षभरात आवृत्ती संपली.

या पुस्तिकांत पेशे तीनच होते: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक. नियम अपुरे, काही जागी संदिग्ध होते. लेखकांनी ते मोकळेपणाने मान्य केले आणि वाचकांनी आपल्या कल्पनेने भर घालावी, आपल्या मनाप्रमाणे खेळ घडवावा, असे अखेरीस सुचवले. लॉस एंजेलिसहून निघणाऱ्या 'अलारम्स अँड एक्सकर्शन्स' या हौशी नियतकालिकाला १९७५ मध्ये लिहिलेल्या पत्रातही त्यांनी टेबलागणिक वेगळेपणाचे स्वागत केले होते.

जानेवारी १९७५ मध्ये डॉन के हृदयविकाराने अकाली वारले. कंपनीची फेररचना झाली आणि ब्लूम कुटुंबाचे भाग गायगॅक्स यांच्यापेक्षा अधिक झाले. त्या वेळी याचे गांभीर्य कोणाला जाणवले नसावे.

वाचकांनी घडवलेले पेशे

१९७४ ते १९७६ ही वर्षे या खेळाच्या दृष्टीने सर्वांत सुपीक होत. कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका येथील एका छंद-साहित्याच्या दुकानात खेळणाऱ्या मंडळींनी कुलपे उघडणारे, सापळे निकामी करणारे पात्र रचले होते. त्या गटातील गॅरी स्विट्झर यांनी ते दूरध्वनीवरून गायगॅक्स यांना सांगितले. गायगॅक्स यांनी आपल्या पद्धतीने ते लिहून काढले आणि १९७५ च्या 'ग्रेहॉक' पुरवणीत 'चोर' हा पेशा आला. भिंत चढणे, चाहूल न लागता चालणे, सावलीत दडणे या क्षमतांना शेकडेवारी दिलेली होती. त्याच पुरवणीत पॅलाडिन हा व्रतस्थ सरदारही आला.

कंपनीच्या 'स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' या पत्रात वाचकांचे पेशे छापले जाऊ लागले. जो फिशर यांनी रानावनात वावरणारा 'रेंजर' पाठवला, पीटर आरन्सन यांनी मायावी दृश्ये उभी करणारा 'इल्युजनिस्ट', डग श्वेगमन यांनी शाहिराच्या जातकुळीचा 'बार्ड'. डेनिस सस्टेअर यांचा निसर्गपूजक 'ड्रुइड' १९७६ च्या पुरवणीत आला. हे सर्व पेशे पुढे अधिकृत ग्रंथात समाविष्ट झाले.

नवा पेशा रचणे सोपे वाटते, पण त्यात एक कसोटी असते. प्रत्येक क्षमतेची किंमत कुठेतरी फेडावी लागते. चोर कुलूप उघडतो, पण त्याचे जीवबळ कमी आणि चिलखत कातडी. पॅलाडिन हाताच्या स्पर्शाने जखमा भरी, पण त्या नियमांत त्याला संपत्तीचा मोह ठेवता येत नसे आणि एक पाप केले की सामर्थ्य जाई. ड्रुइडला धातूचे चिलखत वर्ज्य होते. टेबलावर ज्या पेशाने इतरांना निरुपयोगी केले तो टिकत नाही. मग तो छापलेला असो वा वहीत लिहिलेला. गायगॅक्स यांना हा तोल उपजत कळत होता. इतरांच्या कच्च्या कल्पनेला बंधने घालून ती खेळण्याजोगी करणे, हे त्यांचे खरे कसब होते, आणि स्वतंत्र कल्पनेपेक्षा त्याचे मोल कमी नाही.

अधिकृत नियमांचा आग्रह

डिसेंबर १९७७ मध्ये 'मॉन्स्टर मॅन्युअल', १९७८ मध्ये 'प्लेअर्स हँडबुक' आणि १९७९ मध्ये 'डंजन मास्टर्स गाइड' असे तीन जाड ग्रंथ निघाले. या मालिकेला 'अॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स' म्हणत. येथे गायगॅक्स यांचा सूर पालटला. 'ड्रॅगन' मासिकातील लेखांत त्यांनी घरगुती फेरफार, मंत्रांसाठी गुणांची पद्धत आणि इतर प्रकाशकांच्या पुरवण्या यांवर कडक टीका केली. नियम बदलणाऱ्यांनी हवा तो खेळ खेळावा, पण त्याला हे नाव देऊ नये, अशी त्यांची भूमिका झाली.

यामागे एक रास्त कारण होते. मेळाव्यांत स्पर्धा होऊ लागल्या होत्या आणि एका गावचे पात्र दुसऱ्या गावच्या टेबलावर चालेना. आपल्याकडे हुतूतू व खो-खो गावोगावी वेगवेगळ्या रीतीने खेळले जात. सामने भरवायचे ठरले तेव्हा पुण्याच्या डेक्कन जिमखान्यासारख्या संस्थांना नियम बांधावे लागले. गायगॅक्स यांची अडचण याच जातीची होती.

दुसरे कारण व्यापारी होते. नवी मालिका हा स्वतंत्र खेळ आहे, अशी कंपनीची बाजू होती, आणि तो स्वतंत्र ठरला तर आर्नेसन यांना मानधन द्यावे लागत नव्हते. आर्नेसन यांनी १९७९ मध्ये दावा लावला. १९८१ मध्ये तडजोड झाली. ज्या माणसाने पेरेन, आर्नेसन आणि स्विट्झर यांच्या टेबलांवरचे नियम उचलून खेळ उभा केला, त्याने इतरांना टेबलावर नियम रचू नका म्हणावे, हे त्या काळच्या अनेक खेळाडूंना खटकले, आणि ते खटकणे योग्यच होते. नवलाची गोष्ट अशी की १९७९ च्या त्याच ग्रंथाच्या अखेरीस त्यांनी नियमाच्या शब्दापेक्षा खेळाच्या हेतूला वरचे स्थान दिले आहे. दोन्ही गायगॅक्स एकाच पुस्तकात भेटतात.

वाद आणि पदच्युती

१९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत या खेळामुळे मुले सैतानपूजेकडे वळतात, असा गवगवा झाला. आरोपांना आधार नव्हता. गायगॅक्स स्वतः धार्मिक ख्रिस्ती वृत्तीचे होते आणि दूरदर्शनवर येऊन त्यांनी खेळाची बाजू मांडली. खप मात्र वाढतच गेला.

याच काळात पहिला विवाह मोडला आणि ते हॉलिवूडला गेले. तेथे त्यांनी १९८३ ते १९८५ या काळात दाखवल्या गेलेल्या व्यंगचित्र मालिकेची व्यवस्था पाहिली. इकडे कंपनी कर्जात बुडत होती. परत आल्यावर त्यांनी 'अनअर्थ्ड आर्केना' हे पुस्तक १९८५ मध्ये काढून तिला सावरले. त्यातील बार्बेरियन व कॅव्हेलियर हे पेशे आधी मासिकात आलेलेच होते. पुस्तक घाईत झाले, मुद्रणदोष पुष्कळ, आणि नवे पेशे जुन्यांना झाकोळणारे. तोल सांभाळण्याचे पूर्वीचे कसब येथे दिसत नाही. पुस्तक खपले खूप. परंतु ऑक्टोबर १९८५ मध्ये ब्लूम बंधूंचे भाग लॉरेन विल्यम्स यांनी विकत घेतले आणि गायगॅक्स यांचे अध्यक्षपद गेले. न्यायालयात त्यांना यश आले नाही. १९८६ मध्ये त्यांनी कंपनी सोडली.

१९८९ मध्ये खेळाची दुसरी आवृत्ती त्यांच्याविना निघाली. मारेकरी आणि मंक हे पेशे मूळ ग्रंथातून वगळले गेले. ज्यांना ते हवे होते त्यांनी जुन्या पुस्तकांतून घेऊन घरी चालू ठेवले. गायगॅक्स यांनी अधिकृत म्हणून छापलेले नियम आता घरगुती नियम झाले होते.

उत्तरायुष्य

१९८७ मध्ये गेल कार्पेंटर यांच्याशी त्यांनी दुसरा विवाह केला. त्यांना एक मुलगा झाला. १९९२ मध्ये त्यांनी 'डेंजरस जर्नीज' हा नवा खेळ काढला. जुन्या कंपनीने दावा ठोकला, आणि १९९४ च्या तडजोडीत त्या खेळाचे हक्क घेऊन तो बाजूला ठेवून दिला. पुढे 'लेजेंडरी अॅडव्हेंचर' या खेळात त्यांनी पेशाची सक्तीच ठेवली नाही.

१९९७ मध्ये 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने जुनी कंपनी विकत घेतली. २००० मध्ये तिसऱ्या आवृत्तीसोबत 'ओपन गेम लायसन्स' हा परवाना आला. त्यामुळे कोणालाही मूळ नियमांवर आधारित नवे पेशे, मंत्र, राक्षस रचून कायदेशीरपणे विकता येऊ लागले. गायगॅक्स पुन्हा 'ड्रॅगन' मासिकात लिहू लागले आणि वाचकांच्या प्रश्नांना इंटरनेटवर वर्षानुवर्षे उत्तरे देत राहिले. आपल्याच ग्रंथांतील काही किचकट कोष्टके आपण टेबलावर कधी वापरली नाहीत, हे त्यांनी तेथे सांगून टाकले. अखेरच्या वर्षांत ते मित्रांना व पाहुण्यांना १९७४ च्या तपकिरी पुस्तिकांवरूनच खेळवीत. त्यातही त्यांचे स्वतःचे फेरफार होते: पात्रे पहिल्या पायरीऐवजी तिसऱ्या पायरीपासून सुरू होत, आणि जीवबळ शून्य होताच पात्र मरत नसे, आधी बेशुद्ध पडे.

२००४ मध्ये त्यांना पक्षाघाताचे दोन झटके आले. पोटातील महारोहिणीच्या विकाराचेही निदान झाले होते. ४ मार्च, २००८ रोजी लेक जिनिव्हा येथील घरी वयाच्या ६९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी, ७ एप्रिल, २००९ रोजी डेव्ह आर्नेसन निवर्तले.

मृत्यूनंतर

अंत्यसंस्कारानंतर मित्र व कुटुंबीय गावातील सभागृहात जमले आणि तेथेच त्यांनी डाव मांडले. २००९ पासून या प्रसंगाचे 'गॅरी कॉन' या वार्षिक मेळाव्यात रूपांतर झाले.

जानेवारी २०२३ मध्ये मालक कंपनी २००० सालचा मुक्त परवाना बदलू पाहत असल्याची बातमी फुटली. खेळाडू व लहान प्रकाशक यांनी तीव्र विरोध केला, अनेकांनी कंपनीच्या सेवेची वर्गणी बंद केली. त्याच महिन्याच्या अखेरीस कंपनीने माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला. हा परवाना मागे घेता येत नाही. त्या गाभ्यात लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक हे पहिले तीन पेशे आहेत, आणि सँटा मोनिकाच्या दुकानातून आलेला चोरही, आता 'रोग' या नावाने.